उठवणीचे दिवस

फेब्रुवारी संपत आला की आमच्या मानखुर्दच्या गल्लीचा आवाज बदलतो. टीव्ही हळू होतात. कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला एरवी दिवसभर स्पीकर बडवत असतो, तो गप्प होतो, कारण यंदा त्याचीच पुतणी दहावीला आहे. पहाटे खाडीवरून येणारं वारं अजून गार असतं, दुपारी मात्र पत्रे तापून कडकड वाजायला लागतात. ट्रॉम्बेहून सुकट-बोंबील घेऊन येणारी कोळीणसुद्धा गल्लीच्या तोंडाशी टोपली उतरवून हलक्या आवाजात विचारते, "पेपर चालू झाले काय गं?" हलक्या म्हणजे तिच्या मानानं हलक्या. दोन गल्ल्यांना ऐकू जातं.

आणि याच दिवसांत माझ्या केंद्राच्या दारात भांडणं सुरू होतात. परवा मी कुलूप काढतेय तोच दोन बायका येऊन उभ्या.

"ताई, यंदाची पोरगी आमच्याकडं राहणार. मी दिवाळीपासून सांगून ठेवलंय."

"वा गं वा! मागच्या वर्षीचा पोरगा तुझ्याकडंच होता ना? सगळे तुलाच पाहिजेत का?"

"तुझ्याकडं पंखा तरी आहे का नीट?"

पंख्यावरून गोष्ट सासूपर्यंत गेली, मग मी दोघींना आत घेऊन चहा पाजला. मनातून मात्र मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! भांडण कशावरून, तर पेपर संपेपर्यंत राष्ट्रीय सेवेची पोरं कुणाच्या घरी राहणार यावरून.

ही पोरं म्हणजे कोण ते सांगते. पदवी झाली की एक वर्ष देशाच्या कामाला द्यायचं म्हणून ती नाव नोंदवतात. मग सरकार त्यांना कुठं कुठं धाडतं. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या संस्थांच्या वाट्यालाही एक-दोघं येतात. आमची संस्था म्हणजे दोन खोल्या, एक गच्ची, अभ्यासिका, शिवणवर्ग आणि मी. पोरं दिवाळीनंतर येतात, गळ्यात तिरंगी पट्टीचं ओळखपत्र घालून. पहिले पंधरा दिवस त्यांना गल्ली सापडत नाही. पुढचे पंधरा दिवस ती आम्हाला स्वच्छतेवर भाषण देतात. त्यानंतर कुठं माणसात येतात. कागदपत्रांत आम्हाला 'यजमान संस्था' म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. ज्या वस्तीला या शहरानं जन्मभर घुसखोर म्हटलं, ती वस्ती यजमान! तो कागद मी लॅमिनेट करून भिंतीवर लावलाय, कुणी हसलं तर हसू दे.

आता उठवणीचं. हे नाव आमच्याच गल्लीनं पाडलेलं. आमच्याकडे घरं दहा बाय बाराची. बाप ड्युटीवरून येणार, मग जेवणार, मग आई भांडी घासणार, मग धाकट्याचं रडणं. दहावीच्या पोराला शांतता मिळते ती फक्त पहाटे, साडेचार ते सात. म्हणून त्या दिवसांत आम्ही अभ्यासिका पावणेपाचला उघडतो. पण पोरांना उठवणार कोण? गजर लावला तर अख्खं घर उठतं, दमून पडलेली आई आधी उठते. म्हणून सेवेची पोरं घरोघर जातात आणि पत्र्याच्या दारावर नखानं दोन टिचक्या मारतात. फक्त दोन. आतून कडी निघते, पोर दप्तर घेऊन बाहेर येतं आणि चपला गल्लीत आल्यावर घालतं. एकेक करत रांग वाढत जाते. अंधारात कुणाच्या तरी दातांच्या मंजनाचा वास, खाडीच्या चिखलाचा वास, कुठं पहिल्या चहाच्या आल्याचा. कुणी कुणाशी बोलत नाही. साडेसहाला जरा उजाडलं की पोरं आळस द्यायला गच्चीवर येतात, तेव्हा लांब खाडीत रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसते. पेपरांच्या दिवसांत ते असतातच. एकदा एक पोरगा म्हणाला, "यांचं बरंय यार, यांना भूमिती नाही."

ही उठवणी एका वर्षी पार धुळीला मिळायची वेळ आली होती. ते वर्ष मृण्मयीचं.

मृण्मयी बोरिवलीची. चौथा मजला, लिफ्ट, खिडकीत कुंड्या. संख्याशास्त्रात पदवी घेतलेली. आठवडाभर मला मॅडम म्हणत होती. मी म्हटलं, "अगं, ताई म्हण. मॅडम म्हटलं की मला वाटतं माझं काहीतरी चुकलंय." याद्यांची तिला भारी हौस. किल्ल्यांची यादी, खडूंची यादी, झाडूंचीसुद्धा यादी. मी चिडवायचे, "तू स्वप्नंही तक्त्यात बघत असशील ना गं?" ती गंभीरपणे विचार करायची आणि म्हणायची, "कधी कधी, ताई." पोरगी कष्टाळू होती. उठवणीसाठी घरच्यांशी भांडून केंद्रातच चटई टाकून राहायला आली. एक लाल बॅग, एक उशी आणि डासांची उदबत्ती, एवढा तिचा संसार.

आमच्या गल्लीतली दारं अंधारात सगळी एकसारखी. निळा पत्रा, वर निळी ताडपत्री. पहिल्या पहाटे तिनं एका नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला उठवलं. दुसऱ्या पहाटे नुकत्याच ड्युटीवरून येऊन आडव्या झालेल्या वॉचमनला. वॉचमननं जी शिवी घातली तिचा अर्थ ती मला विचारायला आली. मी पोरांच्या हॉलतिकिटांचा गठ्ठा लावत होते. मान वर न करता म्हणाले, "ते राहू दे. तू दारावर एखादी खूण कर ना, म्हणजे सापडेल." एवढंच बोलले मी. खूण कर.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी घाटकोपरला बैठकीला गेले होते. मृण्मयीनं काम हातात घेतलं, आणि कामात ती कसर ठेवणारी नव्हे. शौचालयाच्या दारांना लावून उरलेला लाल ऑइलपेंट कोपऱ्यात होता. तिनं पुठ्ठा कापून आकड्यांचे सुबक छाप केले. गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर, डबा धरायला मागे पोरं. मोठी माणसं कामावर. दहावीची एकेचाळीस पोरं, म्हणून एकेचाळीस दारं. प्रत्येक दारात पोराचं पूर्ण नाव आणि घरात माणसं किती ते लिहून घेतलं, अभ्यासाला जागा किती मिळते ते कळावं म्हणून. मग दारावर लाल आकडा, वरच्या उजव्या कोपऱ्यात, सगळीकडे एकाच उंचीवर. सरकारी माणूससुद्धा इतकं नेटकं करत नाही.

बाहेरच्या माणसाला यात काय वावगं वाटेल? पण आमच्याकडे दारावर लाल आकडा पडतो तो सरकारी मोजणीचा. मोजणी झाली की दोनच गोष्टी होतात. एक तर घर तुटतं, नाहीतर कुणाला तरी कुठंतरी खोली मिळते आणि बाकीचे रस्त्यावर. मी नऊ वर्षांची असताना आमच्या दारावर असाच आकडा पडला होता. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की बाबा कागदांची पत्र्याची पेटी छातीशी धरून उभे होते आणि आई भिंत पडायच्या आधी चुलीवरचा भात काढून घेत होती. हे सगळं माझ्या हाडात मुरलेलं. तरी मी त्या पोरीला 'खूण कर' म्हणाले, आणि कशानं करू नको ते सांगायचं विसरले.

संध्याकाळी स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं मला बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुमच्याकडे आकडे पडलेत." मी त्याच रिक्षात बसले.

केंद्रासमोर ही गर्दी! दोन तट पडलेले. आकडेवाले म्हणत होते, आमची घरं तुटणार. बिनआकड्याचे म्हणत होते, यांना खोल्या मिळणार आणि आमचं नाव गाळलं, पैसे कुणी खाल्ले सांगा. एका काकांनी तर स्वतःच्या हातानं दारावर बेचाळीस लिहून टाकला होता, वर पुरावा म्हणून बायकोला दारात उभी करून फोटो काढला होता. मी ओरडून सांगत होते, "अरे, हे आपलंच आहे! पोरांना उठवायला टाकलेत आकडे!" कुणाला पटावं? "तुम्हाला सांगून येतील का ते, ताई?" असं म्हणून लोक माझीच कीव करायला लागले. पोरं कशीबशी बसली होती अभ्यासिकेत, त्यांना आया हाताला धरून घेऊन गेल्या. पेटीतली कागदपत्रं शोधायला घरात जास्तीचे हात लागतात ना.

मी गेले सुमनकडे. सुमन जालन्याकडची, मॉलमध्ये हाऊसकीपिंगला. नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. घरात ती आणि तिची संजना. संजनाच्या अख्ख्या घराण्यात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली. फार हुशार वगैरे नाही, पण गणितात अडलं तरी उठायची नाही, अशी चिवट. सुमन जमिनीवर बसून भांडी गोणीत भरत होती. तिचं घर दोनदा तुटलेलं. पहिल्यांदा तुटलं तेव्हा संजना चार दिवसांची होती.

"उद्या संध्याकाळची गाडी आहे," सुमन म्हणाली. "गावाला जाते पोरीला घेऊन."

"अगं, आठ दिवसांवर पेपर आलेत!"

"येऊ देत. पुढच्या वर्षी देईल."

संजना पोटमाळ्यावरून खाली बघत होती. हातात भूगोलाचं पुस्तक. पुढच्या वर्षी देईल म्हटलेल्या मुली मी खूप बघितल्यात. त्यांच्या लग्नांत जेवलेय मी. सुमननं गाडी पकडली असती तर संजनाची दहावी तिथंच संपली असती, आणि तिच्यामागं आणखी दहा-बारा घरांनी गोण्या बांधायला घेतल्या होत्या.

परत आले तर मृण्मयी शिवणयंत्राच्या मागं भिंतीला टेकून बसलेली. बोटांना लाल रंग. मग माझा जो तोल गेला! "एकेचाळीस पोरं आहेत! आठ दिवस राहिलेत! तुला रंगायला दुसरं काही मिळालं नाही? आम्ही काय तुझ्या कॉलेजचा प्रकल्प आहोत? जा तू घरी. बोरिवलीला जा." ती रडलीसुद्धा नाही. नुसती मान हलवत राहिली, आणि तेच मला जास्त लागलं. पण तोंडातून गेलेलं गेलं.

सकाळी मी केंद्र उघडलं तर लाल बॅग भरून, चेन लावून दारातच ठेवलेली. चटई गुंडाळून कोपऱ्यात, वर उशी. मृण्मयी म्हणाली, "ताई, निघते मी." मला तेव्हा 'खूण कर' हे माझेच शब्द आठवत होते. पण कबूल करायला तोंड उघडेना. मी म्हटलं, "जायचं तर जा. पण विहारात येऊन, सांगून जा."

रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की आमची वस्तीची बैठक असते. तिथं एक रीत आहे. कुणाचं काही चुकलं असेल तर त्यानं उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. पाण्याच्या लाइनीवरून मारामारी केलेल्यांनी सांगितलंय, दारू पिऊन काच फोडलेल्यानं सांगितलंय. त्या दिवशी विहार खचाखच भरला होता, बाहेरच्या पायऱ्यांवरही माणसं. मृण्मयी उभी राहिली. ओळखपत्र तिनं काढून हातात धरलं होतं.

"आकडे मी टाकले," ती म्हणाली. "सरकारनं नाही. पहाटे दार सापडावं म्हणून. आकड्याचा इथं काय अर्थ होतो ते मला माहीत नव्हतं. विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही. माझं चुकलं."

आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. माझं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तरी चाललं असतं, पण नाही घेतलं. मग मलाच बसवेना. मीही उठले. "खूण कर असं तिला मीच सांगितलं होतं," म्हटलं. पंचवीस वर्षं या विहारात मी दुसऱ्यांच्या चुका ऐकत आले, स्वतःची त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

मग मागून सुमन.

"तुझ्या घरावर कधी आकडा पडला होता का गं?"

"नाही, मावशी."

"मग पूस. एकेक दार पूस, तुझ्या हातानं."

"हो, मावशी."

"आणि माझी पोरगी पेपर देईल," सुमन म्हणाली. "पण अट आहे. शेवटचा पेपर होईस्तोवर तू माझ्या घरात राहायचं. रोज. ते कार्ड गळ्यात घालून. तोडायला आलेच तर सरकारची पोरगी आत असेल. बघू कोण हात लावतो!"

विहारात हशा पिकला. पण हसता हसता माणसं माना हलवायला लागली. कुणीतरी म्हणालं, सुमन थांबत असेल तर आम्हीपण थांबतो. पोरीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सुमनकडे, आणि ओळखपत्र परत गळ्यात घातलं.

तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी जरा टरकूनच उचलला. "ओलीस ठेवलंय का हो माझ्या मुलीला?" असं त्या माउलीनं सरळ विचारलं. मी म्हटलं, "नाही हो, पाहुणी आहे." वडील दुसऱ्याच दिवशी स्कूटरवर गादी बांधून आले. सुमननं गादी बघितली, घर बघितलं आणि म्हणाली, "दादा, गादी ठेवली तर माणसं कुठं ठेवू?" गादी परत गेली. सोबत आलेले बेसनाचे लाडू मात्र परत गेले नाहीत.

दोन दिवस मृण्मयी दारं पुसत होती. टर्पेंटाइन आणि चिंध्या. पुसताना घरातलं कुणीतरी दारात येऊन बसायचं आणि बोलायला लागायचं. इथं आधी काय होतं, कितव्या वेळी पत्रे उचलून नेले, कोणती भिंत कुणाच्या मेव्हण्यानं उभी केली. ती हात न थांबवता ऐकत राहायची. रजिस्टर तिनं आणलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून संजना आणि बाकीची पोरंही चिंध्या घेऊन आली, मी हाकललं तरी हटेनात. बेचाळीसवाले काका तेवढे अडून बसले. "माझा आकडा मी टाकलाय, मला पाहिजे तेव्हा पुसेन," म्हणाले. अजून आहे तो त्यांच्या दारावर.

मृण्मयी चूल आणि भिंत यांच्यामध्ये झोपायची, म्हणजे गॅसची शेगडी आणि भिंत, पण सुमन अजून चूलच म्हणते. तिला ज्वारीची भाकरी थापता आली नाही ती नाहीच. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, तरी पुन्हा घ्यायची. सुकट भाजली तेव्हा म्हणाली, "मावशी, आमच्याकडे हा वास आला तर सोसायटीची नोटीस येईल." सुमननं दार अजून जरा उघडलं. "येऊ दे की. बोरिवलीपर्यंत जाऊ दे," म्हणाली.

पहाटेचं शिक्षणही सुमननंच दिलं. "दाराकडं काय बघतेस? दारापुढं काय आहे ते बघ." निळा ड्रम असलेलं घर, शेळी बांधलेलं घर, पायरीची फरशी हलते ते घर, तेलाच्या डब्यात तुळस लावलेलं घर, खोकणाऱ्या आजोबांचं घर. चार दिवसांत मृण्मयीला एकेचाळीस दारं पाठ. पाचव्या पहाटे मी गच्चीवरून बघत होते. पुढं ती, तिच्या मागं संजना, टिचकी, टिचकी, कडी निघाल्याचा आवाज, आणि एकेक पोर रांगेत येत होतं. एकही दार चुकलं नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस होती पोरं! त्या दिवसाचा अभिमान मला अजून पुरतो.

आता मला प्रशिक्षणांना बोलावतात. यजमान संस्थांनी सेवेच्या पोरांना कसं घडवावं यावर चार शब्द सांगा म्हणतात. समोर मोठमोठ्या संस्थांची माणसं असतात, एसी असतो, पाण्याच्या बाटल्या असतात. मी त्यांना सांगते, आधी त्यांना तुमच्या माणसांच्या घरी जेवायला घाला. कामाचं नंतर बघा. काहीजण लिहून घेतात, काहीजणांना वाटतं बाई विषय टाळतेय. पण खरंच सांगते, मृण्मयीला मी फार काही शिकवलं नाही. या गल्लीनं शिकवलं. ज्या बायकांवर बँकेत फॉर्म भरताना कुणीतरी खेकसतं, त्या बायकांनी एका पदवीधर पोरीला माणसाचं दार कसं ओळखायचं ते शिकवलं. मी कॉलर ताठ करून सांगते हे सगळीकडे.

गणिताच्या पेपरच्या दिवशी सुमननं अर्धी सुट्टी टाकली. आम्ही तिघी संजनाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. ऊन असं, की फाटकाला हात लावला तर चटका. वीस दिवस मृण्मयीनं तिच्याकडून गणितं करून घेतली होती, पोटमाळ्यावर, डोक्याला पत्रा लागू नये म्हणून दोघी वाकून बसायच्या. पोरगी आत गेली तशी सुमन भिंतीच्या सावलीत उकिडवी बसली आणि पेपर सुटेपर्यंत उठली नाही. मृण्मयी शेजारी. दोघी एकाच बाटलीतून पाणी पीत होत्या. पेपर सुटला, संजना बाहेर आली आणि म्हणाली, "झकास!" मग लगेच म्हणाली, "एक राहिलं." पुढं ती पास झाली. गणितात अडुसष्ट. सध्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझं बीपी तीच बघते, औषध चुकवलं की ओरडतेही.

पण मला सांगायचंय ते शेवटच्या पेपरच्या दिवसाचं. दुपारी तीनला सगळं संपलं. पोरं गल्लीत बोंबलत फिरत होती, मोबाइलवाल्यानं स्पीकर पुन्हा फुल केला होता. सुमनच्या घरात मृण्मयी बॅग भरत होती आणि संजना भरलेलं पुन्हा बाहेर काढत होती. मी आणि सुमन बाहेर पायरीवर बसलो होतो. ती मटार सोलत होती.

मी सहज विचारलं, "काय गं, गेली का आता भीती?"

"कसली?"

"आकड्याची."

"ती तर तेव्हाच गेली. विहारात." तिनं एक दाणा तोंडात टाकला. "ताई, सरकारी माणूस कधी उभं राहून माझं चुकलं म्हणतो का? पोरगी तसं बोलली तेव्हाच कळलं मला, आकडा हिचाच आहे म्हणून."

"अगं मग महिनाभर तिला घरात कशाला ठेवलंस? ते कार्डाचं, सरकारची पोरगी आत असेल म्हणून... ते सगळं काय होतं?"

सुमननं शेंगांची सालं पदरातून झटकली.

"विहारात येताना मी केंद्रावरून आले ना. दारात बॅग बघितली तिची. भरलेली. मला दोनदा इथून सामान उचलायला लावलंय, ताई. तोंड खाली घालून जाणं कसं असतं ते मला माहितीये. ती तशी गेली असती तर परत कुठल्या वस्तीत पाय टाकला असता का तिनं? नुसतं राहा म्हटलं असतं तर लाजेनं राहिली नसती. म्हणून अट घातली."

आत संजना आणि मृण्मयी एका ओढणीवरून हसत होत्या. सुमननं मटाराची ताटली उचलली, 'जेवून जा, ताई' म्हणाली आणि आत गेली. मी बाहेरच बसून राहिले. त्या पोरीला घरी जा म्हणणारी मी होते.